नलिनीताई आणि बीहडातली हाक

नलिनीताई मुळ्ये यांची आणि माझी पहिली भेट मोहरीच्या पोत्याशेजारी झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यामागच्या त्यांच्या जुन्या कचेरीत मी खरेदी विभागातल्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. अंगात लग्नातला कोट, बगलेत प्रमाणपत्रांची फाइल. ताईंनी फाइलीकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मूठभर घ्या आणि काय दिसतं ते सांगा." मी लगेच सुरू झालो. माल उत्तम आहे, तेल चांगलं सुटेल, चढा भाव यायला हरकत नाही. त्यांनी हात वर केला. "हे तुम्हाला वाटतंय. दिसतंय काय?" मी पुन्हा मुठीत पाहिलं. काळे दाणे होते, काही लालसर होते, थोडी माती होती, काही दाणे सुरकुतलेले होते. तेवढंच सांगितलं. "उद्यापासून या," त्या म्हणाल्या. कोट घामाने पाठीला चिकटलाय, हे मला जिना उतरल्यावर कळलं.

ताईंच्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला विषय दिला तो असा: निसर्गाच्या सहवासातून उद्योजकांनी काय शिकावं. विषय भारदस्त आहे. मी आयुष्यभर मोहरी खरेदी केलेला माणूस. मला भाषण येत नाही. म्हणून सरळ ताईंकडेच गेलो. त्या हसल्या. "निसर्ग काय शिकवणी घ्यायला बसलाय, मोघे? तुमचं काय झालं ते लिहा की."

माझं काय झालं ते ग्वाल्हेरच्या निम्म्या मराठी मंडळींना ठाऊक आहे, आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे. मी चंबळच्या बीहडात हरवलो होतो. दाना ओली या गल्लीत, जिथे मी राहतो, तिथे एका गृहस्थांनी मला डाकूंनी पळवल्याचं खुद्द मलाच रंगवून सांगितलं. डाकू वगैरे काही नव्हते हो! मात्र मी त्या दिवशी मरता मरता वाचलो, एवढं खरं आहे. वाचलो तो ताईंमुळे. आणि गेलो असतो तर तोही त्यांच्याचमुळे, असं त्या स्वतः म्हणतात.

ज्यांना ताई केवळ सत्काराच्या फोटोंतून माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगायला हवं. मुळ्ये घराणं दरबारच्या नोकरीतलं. त्यातल्या एकाने सरसोंच्या तेलाची मिल टाकली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. (आम्ही इथे घरात मोहरी म्हणतो आणि बाजारात सरसों, त्याला इलाज नाही.) ते गृहस्थ म्हणजे ताईंचे यजमान. ते अचानक गेले आणि मिल ताईंच्या अंगावर पडली. विकून टाका, असा सल्ला द्यायला लोक तेराव्यालाच हजर होते. ताईंनी सगळ्यांना पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. भेसळ त्यांनी कधी दारात येऊ दिली नाही. एकदा मालात पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलेलं दिसलं तेव्हा भरलेला ट्रक त्यांनी माझ्यासमोर परत पाठवला. माल आणलेला आढतिया गयावया करत होता, "बाईसाहब, इतना तो सब जगह चलता है." ताई म्हणाल्या, "चलता होगा. यहाँ नहीं चलेगा."

मिल वाढली तसं एक दुखणंही वाढलं. हुकूम देणारे तिघे झाले. एक ताई. दुसरे त्यांचे दीर भाऊसाहेब, ज्यांच्याकडे यंत्रं आणि गोदाम होतं. तिसरे चिरंजीव अनिरुद्ध, शिकून आल्यावर विक्री बघणारे. तिघेही हुशार, तिघेही मिलवर जीव टाकणारे, आणि मधोमध मी. सकाळी भाऊसाहेब सांगायचे, खरेदी थांबवा, गोदामात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी अनिरुद्धचा फोन, "काका, जो मिले उठा लो, भाव वाढणारे." संध्याकाळी ताई विचारायच्या, "माल का आला नाही अजून?" मी आपला मंडईत ट्रकशेजारी उभा, कुणाचं ऐकू या विचारात. चांगली माणसं कंटाळून सोडून जायला लागली होती. ताईंना ते कळत होतं, पण उपाय सापडत नव्हता. दिराशी त्यांचं तसंही बरेच दिवस फारसं पटत नव्हतं.

आता त्यांच्या रिवाजाबद्दल. खरेदीचा हंगाम ओसरला की ताई आम्हा अधिकाऱ्यांना मुरैनाच्या पुढे चंबळच्या बीहडात घेऊन जात. बीहड म्हणजे पावसाने कुरतडलेली मातीची जमीन. उंच टेकाडं, त्यांच्यामध्ये खोल घळी, त्या घळींना फुटलेल्या आणखी घळी, आणि जिकडेतिकडे काटेरी बाभळी. यजमान गेल्यानंतर त्या पहिल्यांदा तिथे एकट्याच जाऊन बसल्या होत्या म्हणतात. मी कधी विचारलं नाही. नियम साधे होते. मोबाइल एका पिशवीत घालून गाडीत ठेवायचे. प्रत्येकाने दुसरा दिसणार नाही अशा जागी जाऊन एकटं बसायचं. मग परत येऊन काय दिसलं तेवढं सांगायचं. तात्पर्य काढायला सक्त बंदी. एका वर्षी अनिरुद्धने दिल्लीहून व्यवस्थापनाचे एक सल्लागार आणले होते. त्यांनी मुंग्यांची शिस्त आणि झाडांचा संयम यांवर मोठं सुरेख भाषण केलं. ताईंनी शांतपणे विचारलं, "मुंगी शेवटची कधी बघितलीत तुम्ही?" सल्लागारांनी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी प्यायले. पुन्हा काही ते आले नाहीत.

ज्या वर्षाबद्दल मी लिहितोय त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. आम्ही सकाळी पोचलो. डबे गाडीत होते, परत येऊन जेवायचं ठरलं होतं. मला साखरेचा त्रास. गोळी घेऊन निघालो होतो आणि पोटात नुसता चहा. मी एका घळीत उतरलो, वळणापलीकडे सावली सापडली तिथे बसलो. समोर मातीच्या भिंतीत पाखरांची भोकं होती. पाखरं जात होती, येत होती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग उठलो आणि आल्या वाटेने निघालो. निदान मला ती आल्या वाटेची वाटली. वळणावर बाभूळ असायला हवी होती, ती नव्हती. मागे फिरलो तर मगाचची पाखरांची भिंतही सापडेना. बीहडातल्या घळी सगळ्या एकसारख्या, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला मातीशिवाय आणि आभाळाच्या पट्टीशिवाय काही दिसत नाही.

मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने ओ आली आणि माझा जीव भांड्यात पडला. अनिरुद्धचा आवाज होता, उजवीकडून, "काका, इधर आइए!" मी उजवीकडची घळ धरली. ती पुढे बंद निघाली. तेवढ्यात डावीकडून भाऊसाहेब, "मोघे, टेकाडावर चढा, म्हणजे दिसाल!" मी चढायला लागलो. लगेच आमचे इंजिनिअर तोमरजी कुठूनतरी ओरडले, "ऊपर मत चढ़ना, मिट्टी खिसक रही है!" आणि पाठीमागून ताई, "आहात तिथेच थांबा!" मग पुन्हा अनिरुद्ध, या वेळी भलतीकडून. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही मला मंडईतला ट्रक आठवला. मी प्रत्येकाचं ऐकलं. थोडा उजवीकडे गेलो, थोडा डावीकडे, चढलो, थांबलो, आणि दर खेपेला आवाज आणखी लांब गेले. अखेर माती खरंच पायाखालून निसटली आणि मी घसरत खाली आलो. घोटा मुरगळला. बाटली फुटली नाही, पण झाकण उडालं आणि उरलंसुरलं पाणी मातीत गेलं.

हात थरथरायला लागले होते. कपाळावर गार घाम. साखर उतरतेय हे मला कळत होतं. खिशात चॉकलेट ठेवत जा म्हणून बायको रोज कानीकपाळी ओरडायची. खिसे चाचपले, मंडईतल्या मोहरीचे चार दाणे निघाले. ते चावले. कडू लागले.

आणि मग सगळे आवाज एकदम बंद झाले.

ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. आधी वाटलं, मला ऐकू येईनासं झालंय. टाळी वाजवून पाहिली. ती ऐकू आली. म्हणजे हाका मारणारेच थांबले होते. थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला. कुणी काही बोलेना. हे लोक कंटाळून निघून गेले, ही एकच गोष्ट मनात आली. मी मोठ्याने रडलो. चांगला नातवंडं असलेला माणूस मी, आई गं, आई गं करत रडलो. ताईंना वाटेल ते बोललो. ते इथे छापण्यासारखं नाही.

मग हाक आली. एकच. "मोघे, इकडे ये!"

ताईंचा आवाज होता. पण एरवी मला अहोजाहो केल्याशिवाय न बोलणाऱ्या ताई 'ये' म्हणत होत्या, म्हणून क्षणभर माझा विश्वास बसेना. मी उठलो नाही. पुन्हा शांतता, आणि पुन्हा तीच हाक, त्याच जागेवरून, "मोघे, इकडे ये!" बीहडात आवाज भिंतींवर आपटून येतो, पहिल्यांदा तो समोरून वाटला, दुसऱ्यांदा बाजूने. पण हाक मारणारी व्यक्ती हलत नव्हती, आणि दुसरं कुणी मध्ये बोलत नव्हतं. त्यामुळे मला एक गोष्ट करता येत होती. मी थोडं सरकायचो आणि पुढच्या हाकेची वाट बघायचो. हाक मोठी झाली तर तीच घळ धरायची, बारीक झाली तर मागे फिरायचं. लंगडत, कधी बसून, कधी हातांवर रांगत, मी असा निघालो. मध्ये एकदा घेरी आली आणि काही वेळ पडून राहिलो. डोळे मिटत होते. तेव्हाही ती हाक येतच होती, आणि एवढं माझ्यासाठी कुणी ओरडतंय तर निदान उठावं तरी, असं मला वाटलं. उठलो.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा मी शेवटची चढण चढून वर आलो. समोरचं दृश्य असं. सगळे जमिनीवर बसलेले. अनिरुद्धचं डोकं गुडघ्यांत. भाऊसाहेबांनी अख्खा हातरुमाल तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय. आणि मधोमध ताई, डोळे घट्ट मिटून, तोंडाशी हात धरून. आवाज पार फाटला होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तरी त्या हाक मारत होत्या, "मोघे, इकडे ये." मी म्हटलं, "आलो, ताई." त्यांनी डोळे उघडले. काही बोलायला गेल्या तर नुसती हवा बाहेर आली. मग डबा उघडून त्यांनी लाडू माझ्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. भाऊसाहेबांनी रुमाल काढला आणि पहिलं वाक्य म्हटलं, "फार वेळ लावलात हो, मोघे!" आणि मला मिठी मारून ढसाढसा रडले.

त्या वेळात वर काय चाललं होतं ते परतीच्या वाटेवर तोमरजींनी सांगितलं. मी परतलो नाही तेव्हा सगळे धावले, जो तो आपापल्या टेकाडावर. ताईही एका घळीतून ओरडत निघाल्या होत्या. पुढे वर येऊन पाहतात तर अनिरुद्ध त्यांना समोर उजव्या टेकाडावर उभा दिसत होता, आणि त्याचा आवाज मात्र डावीकडून येत होता. तोमरजी म्हणाले, "बाईसाहब वहीं रुक गईं. बोलीं, मुझे दिख उधर रहा है, सुनाई इधर से दे रहा है. तो नीचे मोघेजी को क्या समझेगा?" त्यांनी ड्रायव्हरला जवळच्या गावातून माणसं आणायला पाठवलं आणि बाकी सगळ्यांना खुणा करकरून मागे बोलावलं. म्हणाल्या, आता कुणीही तोंड उघडायचं नाही. अनिरुद्ध भडकला. "आई, पागल झालीस का? काका मर जाएंगे!" ताई म्हणाल्या, "खाली बस." तो बसायचा आणि पुन्हा उठायचा. दर हाकेनंतर त्या सगळ्यांना कान देऊन बसायला लावत होत्या, आणि खालून काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्यात ओ द्यायचं त्राणच नव्हतं. म्हणजे मी जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना त्या हाका मारत होत्या. गावातली माणसं येऊन पोचली तेव्हा मी दुसरा लाडू खात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दाना ओलीत आमच्या घरी आल्या. एकट्या, गल्लीत गाडी येत नाही म्हणून लांबून चालत. माझी बायको सुधा रागाने धुमसत होती. ताई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मोबाइल मी काढून घेतले. उपाशीपोटी मी बसवलं. चूक माझी आहे." सुधाने खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाली, "बसा. आधी तो गळा बघा काय झालाय. हळदीचं दूध करते." बस, एवढंच. तेव्हापासून त्या दोघींचं असं गूळपीठ आहे की मला घरात काही बोलायची सोय उरलेली नाही. आणि ताईंच्या सहलीत तेव्हापासून प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असते, खिशात खाऊ असतो आणि मोबाइल ज्याचा त्याच्याजवळ असतो. स्वतःचा नियम मोडायला त्यांना लाज वाटली नाही.

खरं अवघड काम त्यांनी पुढच्या आठवड्यात केलं. कचेरीत सगळ्यांना बोलावलं. आवाज अजून परतला नव्हता. कंपू भागातल्या डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, ती त्यांनी त्या दिवसापुरती मोडली. म्हणाल्या, "मोघ्यांना शोधतोय असं आम्हाला वाटत होतं. आम्ही सगळे मिळून त्यांना हरवत होतो. मीसुद्धा. इथे मिलमध्ये आपलं तेच चाललंय. उद्यापासून हुकूम एकाचा." सगळ्यांना वाटलं, आता अनिरुद्धचं नाव येणार. ताई म्हणाल्या, "भाऊसाहेबांचा."

भाऊसाहेब तर इतके गोंधळले की त्यांनी मागे वळून पाहिलं. अनिरुद्ध उठला. "आई, मी मुलगा आहे न तुझा?"

"आहेस."

"मग मैं क्यों नहीं? बोल न, सबके सामने बोल."

ताई त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तुला त्या दिवशी गप्प बसवेना. मोघेकाकांवर माया होती म्हणूनच बसवेना, कळतं मला. पण भाऊसाहेब बोलल्याशिवाय राहूच शकत नाहीत हे सगळ्या ग्वाल्हेरला ठाऊक आहे. ते रुमाल चावत बसले."

अनिरुद्ध दार आपटून गेला. नंतर पुण्याला नोकरी धरली. कितीतरी महिने मायलेकांत बोलणं नव्हतं. ताई रोज कचेरीत येत, भाऊसाहेब सांगतील ते ऐकून घेत, आणि फोन वाजला की त्यांची मान झटकन वळे. मला ते बघवत नसे. एकदा धीर करून म्हटलं, "ताई, तुम्हीच फोन करा न." म्हणाल्या, "केला तर तो येईल. पण मग माझ्या शब्दाखातर येईल." आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. भाऊसाहेबांनी मिल चोख सांभाळली. मला सकाळी मिळालेला हुकूम संध्याकाळपर्यंत तोच राहायला लागला. खरेदीच्या माणसाला याहून मोठं सुख नाही. अनिरुद्ध अखेर परत आला तो न बोलावता, एका दुपारी थेट गोदामात, भाऊसाहेबांच्या हाताखाली काम करायला. आज भाऊसाहेब निवृत्त आहेत आणि मिल अनिरुद्ध बघतो. समोरचा बोलत असला की तो थांबतो. हे त्याला कुठल्या सल्लागाराने शिकवलं नाही.

ताईंचा आवाज मात्र पूर्ववत झाला नाही. नव्या लोकांना वाटतं, बाई मुद्दाम दबक्या आवाजात बोलतात, दरारा राहावा म्हणून. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, ते आज लिहून ठेवलं.

हा लेख पुरा करण्याआधी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. एवढ्या वर्षांत विचारायचं राहिलेलं विचारलं. "ताई, मी आलोच नसतो तर? किती वेळ हाका मारत बसला असतात?"

"तुम्ही येत होतात की."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"नव्हतं माहीत," ताई म्हणाल्या. "पण मी उठून गेले असते तर तुम्ही कुणाकडे आला असतात?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

तेव्हा संपादक मंडळ मला क्षमा करो, उद्योजकांनी काय शिकावं ते मला नीट मांडता आलेलं नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी आवाज पुष्कळ होते आणि जीव एका हाकेने वाचला. ताई, पंच्याहत्तरी पार करताना तुम्हाला आणखी काय मागायचं? तब्येत जपा, उन्हात फिरू नका, गळ्याला त्रास देऊ नका. आम्ही तुमची माणसं अजूनही वाट चुकतो, वयाने शहाणी झालेली दिसत असलो तरी चुकतो. तुम्ही आहात तिथे बसून राहा, सुखाने, पुष्कळ पुष्कळ वर्षं. आम्हाला यायला वेळ लागतो.